पार्ट्सची दुकानं ऑनलाइनने मारली म्हणे!

सातपूरकर_७
काल एका महाशयांनी इथे लिहिलं: "द्वारका, मुंबई नाक्याकडची स्पेअर पार्टची दुकानं एकेक करून शटर ओढतायत. नाशिककरांना पन्नास रुपये वाचवायला मोबाइल लागतो, लाज वाटली पाहिजे." अंगठेही भरपूर मिळाले.

लाज कशाची? या दुकानांचा गल्ला कशावर चालायचा ते बघा. कार्बोरेटरचा रिपेअर किट, पायलट जेट, चोक केबल, प्लगची ठिणगी सांभाळणारा सीडीआय. रोज हातोहात जाणारा माल. १ एप्रिल २०२० ला धुराचे नवे नियम, बीएस-६, आले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून हे सगळंच गेलं. आता थ्रॉटल बॉडी, ऑक्सिजन सेन्सर, फ्युएल पंप. प्रत्येक मॉडेलचा वेगळा, महाग आणि क्वचित विकला जाणारा. डिझेलचं तर विचारूच नका. बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत इंजेक्टर बदलला की त्याच्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो, नाहीतर इंजिन खडखडतं, धूर टाकतं. नॉझल आपल्या सातपूरलाच बनतात, पण काउंटरवर स्कॅनर कुठेय?

वर वागणूक! "ओरिजिनल देऊ का चालू?" बिल मागितलं की कपाळाला आठी. मिस्तरीचा टक्का आधीच भावात धरलेला, गाडीमालक स्वतः गेला तरी तोच भाव. ऑनलाइनने फक्त तो टक्का उघडा पाडला.

गल्ल्यामागचा
टक्का काढलाच आहे तर पूर्ण हिशोब मांडा. मिस्तरी माल उधारीवर नेतो, गिऱ्हाइकाने पैसे दिले की देतो, आणि मध्येच गॅरेज बदललं की उधारी वहीतच राहते. डिस्ट्रिब्युटर थांबत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ ला पार्ट्सवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. गिऱ्हाइकासाठी छान. पण रॅकवरचा माल २८ भरून घेतलेला, विकायचा १८ ने. वरचा फरक क्रेडिट म्हणून खात्यात पडून, हातात रोकड नाही. छोट्या दुकानाला हेच झेपत नाही.

आता मॉडेल आणि वर्ष टाकून पार्ट मागवणाऱ्या हुशारांसाठी. एकाच नावाच्या गाडीत वर्षाच्या अधेमधे पार्ट बदलतो. क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास जुळला तरी मधल्या स्प्लाइनचे दाते मोजावे लागतात. एक दाता इकडेतिकडे असेल तर शाफ्टवर चढत नाही, आणि हे कळतं गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर. ऑइल सीलला आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, शिवाय लिप, म्हणजे आतली रबरी कड, एक की दोन. काउंटरवर जुना पीस ठेवला, मापायचा व्हर्निअर लावला, दोन मिनिटांत सील हातात. फोटो बघून हे होत नाही.

दिंडोरी_रोड
द्राक्षाच्या हंगामात भरलेली पिकअप म्हसरूळच्या अलीकडे ब्रेकचा व्हील सिलिंडर गळून उभी राहते. ऑइल चाकाच्या आतून ओघळतंय, पेडल तळाला. कप बदला, शूला ऑइल लागलं असेल तर शूही बदला, ब्लीडिंग करून लाइनमधली हवा काढा, दीड-दोन तासांचं काम. पार्ट परवा येणार असेल तर मालाचा बेदाणा होईल.

सातपूरकर_७
आणि ती पिकअप रात्री साडेनऊला बंद पडली तर? तुमच्या दुकानाचं शटर साडेआठला पडलेलं असतं. बेदाणा तसाही होणारच.

नाशिकरोड_ईस्ट
मूळ मुद्दा सगळे टाळतायत, डुप्लिकेट माल. बाइकच्या मागच्या चाकाची बेअरिंगं घ्या. नामांकित खोक्यातली ६२०३ नंबरची आणायची आणि दोन महिन्यांत घर्रर्र सुरू. ही दुकानं बंद झालेलीच बरी.

स्पॅनर_१७
डुप्लिकेट असतात, मान्य. पेट्रोलच्या फडक्याने पुसल्यावर रिंगवरचे आकडे गेले तर माल खोटा समजा. स्वीडनच्या एसकेएफ कंपनीचं तर तपासायचं अ‍ॅपच आहे, फोटो पाठवायचे. पण दोन महिन्यांत गेलेली बरीचशी बेअरिंगं बसवताना मारलेली असतात. मिस्तरी हातोडी आणि छन्नी घेऊन आतल्या रिंगवर ठोकतो. तो मार गोळ्यांतून बाहेरच्या रिंगला जातो, ट्रॅकवर बारीक खळगे पडतात आणि तिथून घर्रर्र सुरू होतं.

नीट पद्धत अशी: हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, गरम करा, बेअरिंग आधी फ्रीजरमध्ये ठेवा. ६२०३ बाहेरून ४० मिमी, म्हणून ४० पेक्षा किंचित लहान सॉकेट, फक्त बाहेरच्या रिंगला टेकणारा. एक बाजू तळाला बसवा, मध्ये स्पेसर, म्हणजे दोन बेअरिंगांमधली नळी, घाला, मग दुसरी बाजू स्पेसरला टेकेपर्यंतच. तो स्पेसर विसरला, किंवा घासून आखूड झालाय, की अ‍ॅक्सलचा नट आवळल्यावर दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात. गोळ्या आडव्या दाबाने जॅम. मग बेअरिंग स्वीडनहून आणा नाहीतर स्वर्गातून, टिकणार नाही.

नाशिकरोड_ईस्ट
म्हणजे दोष आता मिस्तरीचा! दुकानदार धुतल्या तांदळाचा!

स्पॅनर_१७
असं कुठे लिहिलंय? वाचत जा.

वॉशिंग_सेंटर_बंद_करा
दोघेही चुकताय. प्रेशरगन थेट हबवर मारतात, सीलच्या लिपमधून पाणी आत, ग्रीसचं ताक. त्यामुळे टू-आरएस घ्या, दोन्ही बाजूंना रबर. झेडझेडचं पत्र्याचं झाकण पाणी अडवत नाही.

गल्ल्यामागचा
त्यात हबची जागाच ढिली झाली असेल तर बेअरिंगची बाहेरची रिंग आतच फिरते. मग मिस्तरी हबला पंच मारून 'टाइट' करतो. चार टोकांवर टेकलेलं बेअरिंग वाकडं बसतं. तिथे हब बदलायचा किंवा स्लीव्ह टाकून घ्यायची. काउंटरवर हे सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्ही महागातलं खपवताय."

सातपूरकर_७
अहो, धागा दुकानांचा आहे, बेअरिंगचा नाही!

स्पॅनर_१७
तीच तर गोष्ट आहे. हे सगळं ऑनलाइनच्या पानावर कोण सांगणार? तिथे 'बेस्ट क्वालिटी, पैसा वसूल' एवढंच.

सातपूरकर_७
आणि दुकानात तरी विचारल्याशिवाय कोण सांगतं? बेअरिंग कागदात गुंडाळून देतात, स्पेसर तपासला का असा प्रश्न नाही. बल्बचंही तेच. बाइकला एचएस-१, ३५/३५ वॅटचा लागतो, मागितला की एच-४, ६०/५५ वॅटचा हातात ठेवतात, "जास्त उजेड पडतो, टाका." तळाची खाच जुळत नाही तरी दाबून बसवतात. मग होल्डर वितळतो, वायरिंग करपतं, रिफ्लेक्टर काळा. तेव्हा ज्ञान कुठे गेलेलं असतं?

गल्ल्यामागचा
एच-४ चं खरंय. असे लोक आहेत धंद्यात. माझी बाजू संपली असं समजू नका.

सातपूरकर_७
बरं, व्हर्निअरवाला माणूस हवा हे मीही मानतो. फक्त त्याने बिल द्यावं आणि चालू माल 'ओरिजिनल' म्हणून गळ्यात मारू नये. एवढं मागितलं की नाशिकद्रोही ठरतो.

नाशिकरोड_ईस्ट
वादावादी राहू दे. तो मधला स्पेसर सुटा मिळतो का? ऑनलाइन अख्खा हब दाखवतंय.

गल्ल्यामागचा
द्वारकेला मिळेल. जुना पीस सोबत न्या, लांबी त्यावरून नको, तो घासलेला असेल. हबमधल्या दोन बेअरिंगच्या बैठकीतलं अंतर मोजून न्या. साडेआठच्या आत.