गच्चीवर हलक्याच खुर्च्या हव्यात का?

गच्चीबहाद्दर:
गच्चीवर बसायला खुर्च्या घ्यायच्यात आणि घरात दोन तट पडलेत. माझं म्हणणं, जी एका हाताने जिना चढत नाही ती वर नेऊच नये. आमचा बिडाचा बाक एकदा वर चढवला तो तिथेच मुरला. हलवायला दोघं लागतात, म्हणून त्याखाली कोणी झाडत नाही. पायांशी गंजाचे चार गोल उमटलेत. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, शिवाय गंजत नाही. विषय संपला ना?

जडभरत:
कुठला संपतोय! वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. ताशी ७२ किलोमीटरचा वारा म्हणजे चौरस मीटरला सुमारे २४ किलोचा रेटा. तीन किलोची खुर्ची, त्यात पाठ अखंड, म्हणजे पतंगच. माझी एक गेलीय. सकाळी कठड्यावरून डोकावलो तर शेजारच्या पत्र्यावर पाय वर करून पडलेली. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. तुमचा बाक मुरलाय तर मुरू द्या.

गच्चीबहाद्दर:
रात्रभर बाहेर ठेवायचीच कशाला? घडीची घ्यायची, उठताना जिन्याच्या खोलीत खुंटीला अडकवायची.

जडभरत:
पहिले तीन दिवस अडकवाल.

स्लॅबवाली:
स्लॅबच्या काळजीने हलकं घेणाऱ्यांसाठी: खुर्ची तीन किलोची असो की बारा, बसणारा सत्तर किलोचाच. वीस लिटरची ओल्या मातीची एक कुंडी खुर्चीपेक्षा जड असते, तिच्याबद्दल कोणी धागा काढत नाही. बघायचे ते पाय. पोकळ नळीचं रबरी बूच निघालं की नळीची धार वॉटरप्रूफिंगच्या थरात रुतते. कोणी मागे रेलून दोन पायांवर डुलायला लागला की सगळा भार दोन टिकल्यांवर. आणि हलकी खुर्ची कोणी उचलत नाही, फरफटवतात. मी दुकानात आधी खुर्ची उलटी करते. विक्रेते विचित्र बघतात, बघू देत.

उगाच_एक:
'अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही' हे अर्धसत्य. त्यात साधे लोखंडी स्क्रू असले आणि पाणी बसत राहिलं की सांध्याशी पांढरी भुकटी धरते. स्टेनलेसनेही दोन धातूंचं भांडण मिटत नाही, मध्ये प्लॅस्टिकचा वायसर हवा. एकसंध प्लॅस्टिकची खुर्ची सगळ्यात हलकी, पण पॉलिप्रॉपिलिन उन्हात पिठूळतं. हात फिरवला की पांढरं लागतं, मग एक दिवस मागचा पाय दगा देतो. काळ्या रंगाची जास्त टिकते, फक्त दुपारी बसून दाखवा.
मी जाळीच्या पाठीची घेतली. पॉलिएस्टरच्या धाग्यावर पीव्हीसीचा लेप. वारा बराचसा आरपार जातो, पाणी थांबत नाही. बसायला मात्र बाकापेक्षा शंभरपट बरी.

जडभरत:
जाळी असली तरी सोसाट्यात सरकतेच.

गच्चीबहाद्दर:
बरं, जाळीच्या, घडीच्या चार घेतो. स्क्रू बघून, उलट्या करून. आता बाक भंगारात काढू?

जडभरत:
अजिबात नको! खुर्च्या बांधणार कशाला?