‘न्यायमूर्तीपदी निवड’ : नेमले की निवडून आले?

ठाणेकर : अमेरिकेतल्या न्यायाधीशांवर टिपण लिहितोय. अ‍ॅलन पेज यांच्याबद्दल वाक्य केलं, ‘१९९२ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तीपदी त्यांची निवड झाली.’ बायकोने वाचून विचारलं, ‘कोणी केली?’ म्हटलं, लोकांनी, मतदान करून. वाक्यातून तिला ते कळलंच नव्हतं. काय लिहावं?

भाषावेडी : वाक्य चूक नाही, ‘निवड’ शब्दच सैल आहे. समितीने केली तीही निवड, मतदारांनी केली तीही निवड. फरक मराठीने क्रियापदात जपलाय. खेळाडूला संघात निवडतात, तो ‘निवडून येत’ नाही. ‘निवडून आला’ म्हटलं की मतपेटी आली, गुलाल आला. म्हणून ‘न्यायमूर्ती निवडून आले’ कानाला खटकतं, कारण आपल्याकडे त्यांची नेमणूक होते. खटकू दे. तिथली गोष्टच आपल्याला नवी आहे, ती गुळगुळीत शब्दाखाली कशाला झाकायची?

मिनिआपोलिसकर : पेज यांच्या बाबतीत तर ‘निवडून आले’च हवं. इथे मिनेसोटात कायद्याने न्यायाधीश दर सहा वर्षांनी मतदारांसमोर जातात, पण बहुतेकांना आधी जागा रिकामी झाल्यावर गव्हर्नर नेमतात. पुढच्या मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे ‘सध्या पदावर’ अशा अर्थाचा शिक्का असतो, आणि तेच जिंकतात. पेज त्या दाराने आले नाहीत. १९९२ मध्ये गव्हर्नरांनी त्या जागेवरच्या न्यायाधीशांची मुदत वाढवली, म्हणजे निवडणूकच टळली. पेज कोर्टात गेले, निवडणूक घ्यायला लावली आणि जिंकले. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती.

मूळचे फुटबॉलपटू, बरं का. आपला फुटबॉल नव्हे, अमेरिकी. १९७१ मध्ये लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले आणि खेळता खेळताच १९७८ मध्ये वकिलीची पदवी घेतली.

ठाणेकर : मग ‘कारकीर्द’ कोणती धरू? मैदानावरची की कोर्टातली?

भाषावेडी : दोन्ही चालतील. तसा हा फारसीतून आलेला शब्द जुन्या मराठीत राज्यकर्त्याच्या अमदानीसाठी असायचा, पेशव्यांची कारकीर्द वगैरे. नोकरीधंद्याच्या वाटचालीला तो नंतर लागला. जानेवारी १९९३ ते ऑगस्ट २०१५ एकाच खुर्चीवर बसलेल्या माणसाला जुना अर्थही शोभतो.

मिनिआपोलिसकर : ती खुर्चीही हरून नाही सोडली. सत्तरीला निवृत्ती सक्तीची आहे.

सावंतवाडीकर : आणि जिथे समोर उमेदवारच नसतो त्या मतदानाला काय म्हणाल? कॅलिफोर्नियात न्यायमूर्तींना ठेवायचं की नाही एवढंच विचारतात, हो किंवा नाही. सरन्यायाधीश रोझ बर्ड १९७७ मध्ये नेमलेल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. १९८६ मध्ये फाशीच्या शिक्षा रद्द करणाऱ्या निकालांवरून प्रचार तापला आणि लोकांनी त्यांना घरी पाठवलं, सोबत आणखी दोन न्यायमूर्तींना. याला ‘निवडणूक’ म्हणताना जीभ अडखळते. आमच्याकडे देवाला कौल लावतात. उजवा की डावा, तिसरं काही नाही. मी तर ‘कौल’ म्हणेन.

भाषावेडी : फर्मास! फक्त वृत्तपत्रांनी ‘जनतेचा कौल’ इतका वापरलाय की नुसत्या ‘कौला’तून हो-नाही कळणार नाही. ‘पदावर ठेवण्याचा कौल’ लिहा. म्हणजे बर्ड ‘हरल्या’ असंही लिहावं लागणार नाही. हरायला समोर कोणी होतंच कुठे?

ठाणेकर : आणि ‘सर्वोच्च न्यायालय’? वाचणाऱ्याला वॉशिंग्टन आठवेल.

मिनिआपोलिसकर : राज्याचं नाव आधी टाका, प्रत्येक वेळी. ‘उच्च न्यायालय’ करू नका. आपल्या उच्च न्यायालयाच्या वर दिल्ली असते, पण राज्याच्या कायद्यापुरता मिनेसोटाच्या न्यायालयाचा शब्द शेवटचा. न्यूयॉर्कला मात्र जपा. तिथे ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणजे खटले चालवणारं खालचं न्यायालय. तिथे भाषांतर न करता ‘सुप्रीम कोर्ट’च ठेवा आणि एका ओळीत खुलासा करा.

ठाणेकर : नवं वाक्य : ‘१९९२ मध्ये मतदारांनी पेज यांना मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून दिलं.’ बायको पास म्हणते, पण आता विचारतेय, ‘पक्ष कोणता?’

मिनिआपोलिसकर : इथे न्यायाधीशांच्या मतपत्रिकेवर पक्ष छापत नाहीत. पेनसिल्वेनियात पहिल्या वेळी छापतात, नंतर दर दहा वर्षांनी सावंतवाडीकरांचा कौल.