पिकअपच्या हौद्यातले आतले कोपरे गुळगुळीत कसे करावेत? मदत हवी आहे

पिकअपचा हौदा नव्याने बनवतोय. 1.6 मिमीचा पत्रा, सांधे मिग वेल्डिंगने भरून ग्राइंड केलेत. सपाट भाग मस्त बसलेत, अडलंय ते आतल्या कोपऱ्यांत. त्यातही तळ आणि दोन भिंती एकत्र येतात तो तीन बाजूंचा कोपरा म्हणजे डोकेदुखी.

बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून घासलं तर पुट्टीत बोटाच्या आकाराच्या नाळी पडतात. सपाट ब्लॉक वापरला की त्याची कड शेजारच्या भिंतीवर ओरखडे काढते. रबरी पाइपच्या तुकड्यावर 80 आणि मग 180 चा पेपर लावून लांब सरळ कोपरे बरे निघाले, पण तीन बाजूंच्या कोपऱ्यात पाइप शिरतच नाही. गाइड कोट (खोलगट जागा दिसाव्यात म्हणून घासण्याआधी मारायचा काळा पातळ थर) मारला की तिथे काळे ठिपके तसेच राहतात.

वर चकचकीत रंग द्यायचाय, त्यामुळे 'बेडलायनर (हौद्यावर मारायचा जाड, खरबरीत संरक्षक थर) मारून झाकून टाक' हा सल्ला कृपया नको. नुसता सीलंट ओढलेली रेघही नकोय, गोलाईच हवी. पुट्टी पॉलिएस्टरची आहे, प्रायमर टूके (हार्डनर मिसळून वापरायचा). हौद्यात सामान चढणार, म्हणून जाड थर तडकेल याची धास्ती आहे.

तीन बाजूंच्या कोपऱ्यात घासायला नेमकं काय वापरता? पुट्टी एकेक बाजू वाळवून भरायची की एकदम गोलाई ओढायची? आणि 10-12 मिमीची गोलाई पुट्टीतच काढणं टिकेल, की आधी पत्र्याची गोल पट्टी वेल्ड करावी?