मदत हवी आहे : बाबांचा ऑडिओग्राम हृदयाच्या डॉक्टरांना दाखवावा का?

नमस्कार. बाबा ७२ वर्षांचे आहेत. पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट आहेत. बीपी आणि साखर गोळ्यांवर.

वर्षभर त्यांना कमी ऐकू येतंय, पण प्रकार विचित्र आहे. नातीची किनरी हाक आतल्या खोलीतूनही कळते, माझा खर्जातला आवाज मात्र शेजारी बसून कळत नाही. आम्हा बापलेकांचं बोलणं मुळात कमी, त्यामुळे बरेच दिवस मी याला अबोलाच समजत होतो.

शेवटी कानांची तपासणी (ऑडिओग्राम) केली. दोन्ही कानांत २५० आणि ५०० हर्ट्झला (खालच्या पट्ट्या) ४५ डेसिबलच्या आसपास, ४००० ला (वरची पट्टी) ३०; आकडा मोठा तितकं ऐकणं कमी. 'वयोमानानुसार' म्हणून यंत्र सुचवलं. पण वयामुळे आधी वरच्या पट्ट्या जातात ना? स, श, फ निसटतात. इथे सगळं उलटं. हृदयाशी याचा संबंध असू शकतो का? अ‍ॅस्पिरिन ७५ आणि पायांच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड चालू आहे, त्यामुळे असेल का?

प्रतिसाद :
आधी एक बघा, रिपोर्टमध्ये बोन कंडक्शन (हाडातून थेट आतल्या कानाला आवाज देऊन केलेली चाचणी) आहे का? मळ साचला किंवा पडद्यामागे पाणी झालं तरी खालच्या पट्ट्या जातात, मग हृदयाला उगाच दोष. मेनिएर या आतल्या कानाच्या आजारातही असंच होतं, पण त्यात चक्कर असते.

तसं काही नसेल तर तुमची शंका रास्त आहे. आतल्या कानाला रक्त नेणारी वाहिनी अगदी बारीक आणि जवळपास एकटीच. ती आकसली तर दुसरी वाट नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घकालीन हृदय-अभ्यासातल्या वृद्धांमध्ये हृदयविकार आणि खालच्या पट्ट्यांचा बहिरेपणा यांचा संबंध दिसला होता, स्त्रियांत जास्त. अर्थात संबंध म्हणजे कारण नव्हे. रिपोर्ट जरूर दाखवा.

अ‍ॅस्पिरिनने कान वाजतात ते मोठ्या डोसला. फ्युरोसेमाइडचा धोका मुख्यतः शिरेतून भरपूर दिल्यावर किंवा मूत्रपिंड अशक्त असताना, म्हणून क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) विचारा. आणि कृपा करून गोळ्या स्वतःहून बंद करू नका, स्टेंट आहेत!

दुसरा प्रतिसाद :
एखाद्या दिवशी एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. उपचार जितका लवकर तितकं बरं.

धागाकर्ता :
आभार. बोन कंडक्शनची रेघ हवेतून ऐकण्याच्या रेघेला चिकटूनच आहे, म्हणजे दोष आतल्या कानाचाच दिसतो. चक्कर नाही. सोमवारी दोन्ही फायली घेऊन जातोय. आता खरी अडचण पुढे आहे : "मला बहिरा ठरवू नका" म्हणून बाबा यंत्राचं नाव काढू देत नाहीत. तुमच्या घरी कुणी तयार झालं असेल तर कसं, ते सांगाल का?