‘सून घरात आहे ना, मग केअरर कशाला?’

पिंपळपान:
या ग्रुपवर परत तेच रडगाणं. इंग्लंडात कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, म्हाताऱ्यांना घरी येऊन सांभाळणारी केअरर नाकारली, असेसमेंट (गरजांची तपासणी) भिकार, सोशल वर्करने ऐकूनच घेतलं नाही. लोकहो, आईवडील आपले की कौन्सिलचे? माझे वडील शेवटची चार वर्षं आमच्याकडे होते, एक पेनी मागितली नाही. आणि कौन्सिलांकडे आहे काय द्यायला? स्लाऊने 2021 मध्ये हात वर केले, बर्मिंगहॅमने 2023 मध्ये सेक्शन 114 लावला, म्हणजे खर्चाला पैसे पुरत नाहीत असं जाहीर केलं. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी राहू द्या ना ती मदत.

जाईजुई:
दादा, दोनदा लिहून खोडलं पण आता राहवत नाही. तुमचे वडील "आमच्याकडे" होते म्हणजे त्यांना रात्री उठवून संडासला कोण नेत होतं, तुम्ही की वहिनी? माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या, स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली. 1974 पासून इथे आहेत, 22 वर्षं बिस्किटाच्या कारखान्यात उभ्याने काम केलंय, तेव्हा फुकट खायला आलेत वगैरे कोणी म्हणू नका. हॉस्पिटलमधून आल्यावर सहा आठवडे रिॲबलमेंटच्या, म्हणजे स्वतःचं स्वतः करायला परत शिकवणाऱ्या, बायका यायच्या, पैसे नाहीत घेतले, खरंच जीव लावून करायच्या. ते संपलं आणि मग असेसमेंट. कौन्सिलची बाई 40 मिनिटं बसली. सासूबाईंनी पाहुणी येणार म्हणून मला इस्त्रीची साडी नेसवायला लावली, वेणी घालून घेतली. स्ट्रोकनंतर त्यांचं इंग्रजी पार गेलंय, मराठीच राहिलंय, म्हणून नवरा भाषांतराला. अंघोळ करता का? "हो हो, करते की." कपडे? "हो." अहो त्याच दिवशी सकाळी मी त्यांना शॉवरच्या खुर्चीवर बसवून अंघोळ घातली होती! आणि संडासचं विचारलं तेव्हा आईबद्दल हे परक्या बाईला सांगायचं म्हणून नवऱ्याची जीभच उचलली नाही, त्याने ते गाळलं. दोन आठवड्यांनी कागद आला, सून घरी असते, गरजा भागत आहेत. सून घरी असते कारण सुनेने मार्चमध्ये नोकरी सोडली. मला कोणी विचारलं, की बाई तुला हे जमतंय का?

वॉर्डवरची:
जाई, तो कागद असाच सोडू नकोस. मी हॉस्पिटलमध्ये डिस्चार्जच्या बाजूने हे रोज बघते. केअर ॲक्ट 2014 प्रमाणे गरज ठरवताना घरात कोण मदत करतं हे बघायचंच नसतं. आधी माणूस मदतीशिवाय काय करू शकतो ते बघायचं, ते ठरलं की मग घरचं कोणी करायला तयार आहे का आणि त्याला झेपतंय का हे त्या माणसालाच विचारायचं. कायद्यात सून म्हणून तुझ्यावर काहीही बंधन नाही. यादीत दहा गोष्टी आहेत, खाणं, अंघोळ, संडास, कपडे, घरात धडपणे वावरणं अशा. त्यातल्या दोन जमत नसतील आणि जगण्यावर मोठा परिणाम होत असेल तर सासूबाई मदतीच्या नियमात बसतात. "जमतं" म्हणजे काय तेही लिहिलेलं आहे, जमतं पण खूप दुखतं, फार वेळ लागतो, पडायची भीती आहे, तर ते जमत नाही असंच धरायचं. आणि सांभाळणारी म्हणून तुझं स्वतःचं वेगळं केअरर्स असेसमेंट करून घेता येतं, तो तुझा हक्क आहे.

टॅक्सभरू:
असेसमेंट झालं तरी पुढे पैशाचंच गणित आहे. 23,250 पौंडाच्या वर शिल्लक असली की सगळं तुमच्या खिशातून. हा आकडा 2010 पासून तोच आहे, मधल्या काळात दुधापासून घरापर्यंत सगळं कुठे गेलं बघा. सरकारने नेमलेल्या डिलनॉट आयोगाने 2011 मध्ये सांगितलं, माणसाच्या आयुष्यभराच्या केअर खर्चाला मर्यादा घाला. 86,000 पौंडांची मर्यादा ऑक्टोबर 2023 ला येणार होती, ती ढकलली 2025 वर, आणि जुलै 2024 मध्ये रद्दच केली. स्कॉटलंडमध्ये 2002 पासून म्हाताऱ्यांची पर्सनल केअर फुकट आहे. वडिलांना नर्सिंग होममध्ये ठेवलं तर त्यांचं घर हिशोबात धरलं. 38 वर्षं टॅक्स भरलेला माणूस. म्हणून सांगतो, घर आधीच मुलांच्या नावावर करून टाका.

वॉर्डवरची:
कृपा करून असे सल्ले देऊ नका. केअरचे पैसे चुकवायला घर दिलं असं कौन्सिलला वाटलं तर ते घर अजून देणाऱ्याचंच आहे असं धरून बिल लावतात. घर देऊन सात वर्षं झाली की सुटलो, हा नियम वारसा कराचा, इथे अशी मुदतच नाही. आणि केअर घरीच घ्यायची असेल तर राहतं घर मोजतच नाहीत.

जाईजुई:
काका, घराचं वेगळं लिहा ना. इथे माणसाला संडासला न्यायचा प्रश्न आहे.

पिंपळपान:
मला एवढंच कळलं की असेसमेंटच्या आधी सासूला शिकवून ठेवायचं, परक्यासमोर रड म्हणून. आयुष्यभर ताठ मानेने जगलेल्या बाईला?

एकटा जीव:
रड नाही हो, खरं सांग. माझी आई एकटी राहायची, मी गाडीने दीड तासावर. फोन केला की "मी मस्त आहे". असेसमेंट पण फोनवरच झालं. जेवण करता का, हो करते. बाहेर जाता का, हो जाते. मी दर रविवारी डबे देऊन यायचो, फ्रिजमध्ये तिने ते नीट ओळीने लावून ठेवले होते, एकाचंही झाकण उघडलं नव्हतं. चहा बिस्किटावर होती ती. नोव्हेंबरमध्ये पडली, अकरा तास बाथरूमच्या फरशीवर. नंतर मी विचारलं, त्या बाईला खरं का नाही सांगितलंस, तर म्हणे परक्याला कशाला आपलं उणं दाखवायचं. हा ताठपणा मला नका सांगू.

पिंपळपान:
वाईट वाटलं वाचून. पण मग दीड तासावर का राहत होतात?

एकटा जीव:
हा प्रश्न मला रोज रात्री पडतो. तुम्ही विचारायची गरज नव्हती.

जाईजुई:
पिंपळपान, हे चुकलं तुमचं. अजिबात शोभलं नाही. म्हणूनच आपल्यात कोणी मदत मागत नाही, कौन्सिलच्या आधी आपलीच माणसं जाब विचारतात.

टॅक्सभरू:
खरंय. आमच्या वडिलांना होममध्ये ठेवलं तेव्हा नातेवाईकांनी वर्षभर बोलणं टाकलं. त्यातला एकही एक रात्र राहायला आला नव्हता.

पिंपळपान:
एकटा जीव, माफ करा, तसं म्हणायचं नव्हतं. आणि जाईजुई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, बायकोच करायची. मी कामावर जायचो. तिची कंबर तेव्हापासून धरते. तिला कोणी विचारलं नाही, मीही नाही विचारलं, हे मान्य. पण नुसतं एकटीने राहायचा कंटाळा म्हणून केअरर मागणारे लोक पण मी पाहिलेत, तेवढं मात्र मागे घेणार नाही.

वॉर्डवरची:
असतील. त्यांच्यासाठीच असेसमेंट नीट करायचं असतं ना. जाई, फेरअसेसमेंट लेखी माग, झालेला बदल आणि गाळलेलं सगळं लिही. दुभाषी कौन्सिलचा माग, नवऱ्याला फक्त शेजारी बसू दे. वाईट दिवस कसा जातो ते सांगायचं, चांगला नाही. ऐकलं नाही तर आधी कौन्सिलकडे तक्रार, मग ओम्बड्समन, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारा अधिकारी, 12 महिन्यांच्या आत. आणि अटेंडन्स अलाउन्सचा, म्हणजे आजारी म्हाताऱ्यांच्या सरकारी भत्त्याचा, फॉर्म भरलाय का? त्याला शिल्लक बघत नाहीत.

जाईजुई:
अलाउन्सचा फॉर्म कालच टाकला. फेरअसेसमेंट गुरुवारी, दुभाषी मिळतोय. सासूबाईंशी काल नीट बोलले, म्हटलं आई, तुम्ही हो म्हणालात तर माझी पाठ जाणार. त्या खूप वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, बरं, सांगते. फिजिओच्या रिपोर्टमध्ये दोन माणसांनी उचलावं लागतं असं आहे, तो त्या दिवशी हातात देऊ का?

वॉर्डवरची:
आज पाठव. ईमेलने, म्हणजे तारीख राहते.