प्रति: डॉस युनिक्समधूनच निघालं का?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की डॉस (मायक्रोसॉफ्टची जुनी, कमांड टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टिम) हे युनिक्स या त्याहून जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचंच छोटं रूप. मला हे पटत नाही, पण त्यात तथ्याचा अंश आहे आणि तोच भाग रंजक आहे.

डॉसचं मूळ टिम पॅटरसन यांच्या ८६-डॉसमध्ये, आणि त्याचा नमुना होता गॅरी किल्डॉल यांचं सीपी/एम, म्हणजे त्याआधीची एक ऑपरेटिंग सिस्टिम. १९८१च्या पहिल्या आवृत्तीत तर फोल्डरसुद्धा नव्हते, सगळ्या फायली एकाच यादीत! युनिक्स आत शिरलं ते १९८३च्या डॉस २.० मध्ये. मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा झेनिक्स नावाचं स्वतःचं युनिक्स होतं. तिथून डिरेक्टरीतली डिरेक्टरी (फोल्डरमधलं फोल्डर), पाइप (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देणं), आउटपुट फाइलकडे वळवणं हे सगळं डॉसमध्ये आलं. पण साधी तिरकी रेघ (/) आधीच कमांडच्या पर्यायांसाठी वापरात होती, म्हणून पाथसाठी, म्हणजे फाइलच्या पत्त्यासाठी, उलटी रेघ (\) घ्यावी लागली. विंडोजवर आजही आपण तीच टाइप करतो. एका घाईच्या तडजोडीचं आयुष्य इतकं लांबावं याचं मला खरंच नवल वाटतं.

आजचं विंडोज मात्र डॉसवर उभं नाही. ते १९९३च्या विंडोज एनटीचं वंशज आहे, आणि एनटी घडवणारे डेव्ह कटलर हे डेक या संगणक कंपनीच्या व्हीएमएस नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामातून आलेले.

थेट युनिक्सचा वारसा हवा असेल तर मॅक बघा. नेक्स्टस्टेप या नेक्स्ट कंपनीच्या सिस्टिममार्फत त्यात बीएसडी (युनिक्सची एक शाखा) आलं आणि २००७च्या लेपर्ड या मॅकच्या आवृत्तीला युनिक्सचं अधिकृत प्रमाणपत्रही मिळालं. लिनक्सची वागणूक युनिक्सची, पण कोड नव्याने लिहिलेला.