साठा, साठवण की संचय? कर्कपेशीतल्या चरबीबद्दल

प्रश्न: ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावरचा लेख मराठीत आणते आहे. 'मेदसंचय रोखला की कर्कपेशीतल्या लिपिडांचा समतोल ढळतो' असं वाक्य केलं. मैत्रिणीने वाचून विचारलं, 'चरबी साठायची थांबली तर पेशीचं बिघडलं कुठे?' संचय, साठा, साठवण यांतलं काय घ्यावं? आणि 'लिपिड' ठेवू की 'मेद' म्हणू?

उत्तर: मैत्रिणीची शंका रास्त आहे, आणि ती 'संचय'मुळेच आली. पोटावर चरबी साठते असं आपण म्हणतो, कर्कपेशी मात्र ती साठवते. 'साठणं' म्हटलं की ते आपसूक होतं असं वाटतं. साठवणं हे काम आहे आणि त्याला विकरं (एन्झाइम) लागतात. 'संचय'मध्ये हा फरक पुसला जातो. 'साठा' म्हणजे जमलेला माल, 'साठवण' म्हणजे तो नीट ठेवण्याची क्रिया, साठवणीच्या गव्हातली. तुम्हाला साठवणच हवी.

ग्लायोब्लास्टोमाच्या पेशीत मेदाम्लांची आवक प्रचंड असते. मोकळी मेदाम्लं अति झाली की पेशीलाच बाधतात. म्हणून डीजीएटी-१ हे विकर त्यांना ट्रायग्लिसराइड या साठवणीच्या रूपात बांधतं आणि ती मेदबिंदूंत, म्हणजे पेशीतल्या चरबीच्या थेंबांत, जाऊन बसतात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे विकर अडवल्यावर मेदबिंदू घटले, पण मेदाम्लांचा लोंढा पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांकडे (मायटोकॉन्ड्रिया) वळला. तिथे ती इतकी जाळली गेली की ऑक्सिजनचे घातक रेणू साचले, तंतुकणिका निकामी झाल्या आणि पेशी मेल्या. उंदरांमध्येही गाठीची वाढ मंदावली. म्हणजे साठा कमी होणं हे वरवरचं लक्षण. पेशी मरते ती साठवण मोडल्यामुळे. 'चरबी कमी झाली' असं चुकूनही लिहू नका, वाचक ते थेट आहाराशी जोडतील. कर्करुग्णाच्या घरात अशा वाक्याने पथ्यांचा गोंधळ उडतो.

पुन्हा प्रश्न: मग 'चरबीचा समतोल' चालेल?

उत्तर: नाही. चरबी म्हणजे बोलण्यातलं ट्रायग्लिसराइड. पेशीपटलातली फॉस्फोलिपिडं आणि कोलेस्टेरॉल त्यात येत नाहीत, आणि ओढाताण तर त्यांच्यातही असते. याच कर्करोगात एसओएटी-१ हे विकर कोलेस्टेरॉलची साठवण करतं. ते अडवलं की आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, कोलेस्टेरॉल वाढतं, आणि नवी लिपिडं बनवण्याचा हुकूम देणारं एसआरईबीपी-१ हे प्रथिन थंडावतं. एक साठवण मोडली की आवकच पेशीच्या जिवावर उठते, दुसरी मोडली की उत्पादनच बंद पडतं. हे सगळं 'लिपिड' या एका शब्दात मावतं. दहावीच्या पुस्तकामुळे 'मेदाम्ल' आणि 'स्निग्ध पदार्थ' ओळखीचे आहेत, ते सोबत खुशाल वापरा.

आणखी एकाची भर: मूत्रपिंडाच्या 'क्लिअर सेल' कर्करोगाबद्दलही लिहिणार असाल तर 'स्वच्छ पेशी' करू नका. काचपट्टी तयार करताना पेशीतली लिपिडं आणि ग्लायकोजेन विरघळून जातात, म्हणून त्या सूक्ष्मदर्शकाखाली रिकाम्या दिसतात. रुग्णांच्या अहवालात इंग्रजी नावच असतं, तेव्हा 'क्लिअर सेल'च ठेवा आणि पुढे 'लिपिडांनी भरलेल्या, पण तपासणीत रिकाम्या दिसणाऱ्या पेशी' एवढं जोडा.

प्रश्नकर्ती: वाक्य आता असं केलं: 'मेदाम्लांची साठवण बिघडली की कर्कपेशीतल्या लिपिडांचा समतोल ढळतो, मोकळी राहिलेली मेदाम्लं तिच्याच तंतुकणिका निकामी करतात.' मैत्रिणीला या वेळी शंका आली नाही.